पंचावन्नला पेन्शन घेऊ, की अठ्ठावन्नची वाट बघू?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत १ सप्टेंबर १९९८ पासून मोल्डिंग खात्यात आहे. ३१ ऑगस्ट २०२५ ला वयाची ५५ वर्षं पूर्ण झाली. बेसिक आणि डीए मिळून २१ हजार पगार आहे, पण पीएफ १५ हजारांवरच कापतात. आता कंपनी म्हणते, राजीनामा द्या, त्याच कामावर कॉन्ट्रॅक्टरकडून घेतो. कॉन्ट्रॅक्टर १६ हजार देणार, त्यात बेसिक नऊ हजार, बाकी भत्ते.

घरात सगळे सांगालेत की आताच पेन्शन चालू कर. पण भाचा न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो, मामा, पेन्शन घेऊन परत काम केलास तर पेन्शन कापतात. दोन एकर भातशेती पण आहे, ते उत्पन्न धरतात काय? बायकोला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मीचे दोन हजार येतात आणि मला पीएम किसानचे, ते बंद होतील काय? आणि १९९६ ते ९८ दोन वर्षं मी कोल्हापूरला गोकुळ शिरगावात होतो. ती महाराष्ट्रातली नोकरी इथं धरतात काय? काय करू, जरा उलगडून सांगा की.

— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी भाच्याचं बघू, कारण घरात घोळ झालाय तो त्याच्या फोनमुळे. तो खोटं सांगत नाही, पण तो तिथला कायदा सांगतोय. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीची पेन्शन ६२ व्या वर्षापासून कमी दरानं घेता येते. पूर्ण पेन्शनचं वय १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ६७ आहे. त्या वयाआधी पेन्शन घेऊन कुणी काम करत राहिला आणि मजुरी ठरावीक रकमेच्या वर गेली, तर वरच्या दर दोन डॉलरमागं एक डॉलर पेन्शनमधून रोखतात. २०२५ साठी ती रक्कम वर्षाला २३,४०० डॉलर होती. ते पैसे बुडतही नाहीत, पूर्ण वय झालं की हिशोब करून पुढची पेन्शन वाढवून देतात.

आपल्या पीएफच्या पेन्शनला, म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ पासून चालू असलेल्या ईपीएस-९५ ला, असा नियम नाही. पेन्शन सुरू झाल्यावर तुम्ही कॉन्ट्रॅक्टरकडे जा, भात लावा, नाहीतर दुकान टाका, पेन्शनचा एक रुपया त्यापायी कापला जात नाही. शेतीचं उत्पन्न कुणी विचारतसुद्धा नाही.

तुमच्या पेन्शनला धोका आहे तो पेन्शन सुरू व्हायच्या आधीच्या कमाईचा. नेमकं सांगायचं तर शेवटच्या ६० महिन्यांत ज्या पगारावर पीएफ भरला गेला त्या आकड्याचा. आणि तो आकडा तुमच्या पत्रात 'बेसिक नऊ हजार' असा सहज लिहून गेलेला आहे.

सूत्र सोपं आहे. सरासरी पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० नं भागायचं. सरासरी धरतात ती नोकरी सुटण्याआधीच्या ६० महिन्यांची. पूर्वी ती १२ महिन्यांची होती, सप्टेंबर २०१४ पासून ६० झाली. त्याच दिवसापासून पगाराची मर्यादा ६,५०० वरून १५,००० वर गेली, पण जुन्या वर्षांना नवी मर्यादा लावत नाहीत. त्यामुळे तुमची नोकरी दोन तुकड्यांत मोजायची. ऑगस्ट २०१४ पर्यंतची १६ वर्षं ६,५०० च्या दरानं, त्यापुढची ११ वर्षं १५,००० च्या दरानं. पगार २१ हजार असला तरी वरचे सहा हजार या हिशोबात येत नाहीत. जादा पगारावर पेन्शन मागायचा पर्याय सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या निकालानंतर काहींना मिळाला होता, पण त्या अर्जांची मुदत ११ जुलै २०२३ ला संपली. तेव्हा गल्लीत कुणी 'हायर पेन्शन' म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

आता आकडे. पहिल्या तुकड्याचे १,४८६ रुपये, दुसऱ्याचे २,३५७. एकूण ३,८४३. ही आज नोकरी सोडलीत तर तुमच्या नावावर उभी राहणारी पेन्शन, पण ती पूर्ण मिळते ५८ पूर्ण झाल्यावर. पन्नाशीनंतर कधीही लवकर मागता येते, अट दोनच: दहा वर्षं नोकरी झालेली हवी आणि नोकरी सुटलेली हवी. मात्र ५८ ला जितकी वर्षं कमी, तितके चार-चार टक्के कापतात. तुमची तीन वर्षं कमी आहेत, म्हणजे साधारण बारा टक्के. हातात येतील ३,३८० च्या आसपास.

घरच्यांना हे एक नीट समजावून सांगा: ही कपात ५८ पर्यंतची नाही, जन्माची आहे. अठ्ठावन्न झाले की पेन्शन आपोआप पूर्ण होते असं समजणारे खूप जण भेटतात, आणि बहुतेकांना ते कळतं पासबुक हातात आल्यावर. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता नाही, दरसाल वाढ नाही. आज ठरेल तो आकडा पुढं वर्षानुवर्षं तसाच राहणार. किमान पेन्शन एक हजाराची साडेसात हजार करा म्हणून पेन्शनरांची आंदोलनं चालू आहेत. त्यांच्या मोर्चाला जरूर जा, पण घरच्या हिशोबात ते साडेसात हजार आज धरू नका.

मग थांबलात तर काय? इथंच कॉन्ट्रॅक्टरचे नऊ हजार आडवे येतात.

समजा तुम्ही कंपनीच्याच हजेरीपटावर राहिलात, किंवा कॉन्ट्रॅक्टरनं १५ हजारांवर पीएफ भरला. तर ५८ ला दुसरा तुकडा १४ वर्षांचा होईल, त्याचे ३,०००. पहिल्याचे १,४८६ धरून ४,४८६. वीस वर्षांहून जास्त नोकरी करून ५८ ला निवृत्त होणाऱ्याला दोन वर्षं जादा धरून देतात. त्यांचे जुन्या ६,५०० च्या दरानं मोजले तरी १८६ रुपये. म्हणजे ४,६७० च्या खाली येत नाही.

आणि कॉन्ट्रॅक्टरनं सांगितल्याप्रमाणे नऊ हजारांवरच भरला तर? शेवटच्या साठ महिन्यांत २४ महिने १५ हजारांचे आणि ३६ महिने नऊ हजारांचे. सरासरी ११,४००. आता ही घसरलेली सरासरी फक्त त्या तीन वर्षांना लागत नाही, २०१४ नंतरच्या चौदाही वर्षांना लागते. घाम गाळून १५ हजारांवर भरलेली अकरा वर्षं ११,४०० च्या भावानं मोजली जातात. दुसऱ्या तुकड्याचे होतात २,२८०, पहिला मिळवून ३,७६६.

वरचा आकडा परत बघा. आज सोडून घरी बसलात आणि ५८ ला अर्ज केलात तर ३,८४३. तीन वर्षं भट्टीपुढं उभं राहून, दरमहा पेन्शनचे पैसे भरून ३,७६६. जादा दोन वर्षांचे १८६ घातले तरी ३,९५० च्या आसपास थांबतं, म्हणजे १५ हजारांवाल्या हिशोबापेक्षा सातशेहून अधिक कमी. निवृत्तीच्या तोंडावर पगार कमी करून घेण्याचा हा फटका मच्छे-उद्यमबाग पट्ट्यात कितीतरी जणांना बसत असेल, आणि त्यावर कारखान्याच्या गेटवर कुणी बोलत नाही, कारण तो दिसतो तीन वर्षांनी.

म्हणून माझा सल्ला कॉन्ट्रॅक्टरच्या कागदावर अवलंबून आहे. राजीनाम्यावर सही करण्याआधी त्याच्याकडून लेखी घ्या: पीएफ किती रुपयांवर भरणार. तोंडी 'बघू, करू' याला अर्थ नाही. सगळ्या कामगारांना सरसकट दिला जाणारा भत्ता पीएफसाठी मूळ पगारातच धरला पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. सात हजारांचे 'भत्ते' म्हणजे नक्की कशाचे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कॉन्ट्रॅक्टरच्या कामगारांचा पीएफ भरला जातो की नाही याची जबाबदारी मूळ कंपनीवरही असते, तेव्हा हा प्रश्न कंपनीच्या ऑफिसातही विचारा.

तो १५ हजारांवर भरायला तयार झाला तर मी थांबा म्हणेन. आता पेन्शन घेतलीत तर तीन वर्षांत एक लाख बावीस हजारांच्या आसपास हातात येतील हे खरं. वर, लवकर पेन्शन घेतलेला माणूस परत पीएफच्या नोकरीत लागला तर मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जात नाहीत, ते त्याच्या पीएफ खात्यातच पडतात. १५ हजारांवर ते महिन्याला १,२५०, तीन वर्षांचे ४५ हजार. पण पुढं दरमहा जवळपास १,२९० रुपयांचा फरक राहतो. व्याज सोडून मोजलं तर साधारण ६९ व्या वर्षी दोन्ही बाजू बरोबरीत येतात, त्यानंतर थांबणारा पुढं. शिवाय तुमच्या माघारी पत्नीला तुमच्या पेन्शनच्या निम्मी मिळणार. ती ३,३८० ची निम्मी की ४,६७० ची, हा प्रश्न तुमच्यापेक्षा त्यांचा जास्त आहे. ठरवताना त्यांना समोर बसवा.

तो नऊ हजारांवर अडून बसला, तर मात्र उलटं करा. आधी रीतसर नोकरी सोडा, फॉर्म १०डी भरून लवकर पेन्शन सुरू करा आणि मगच त्याच्याकडे जा. लवकर पेन्शन म्हणजे नुकसानच असं ठोकून सांगणारे सल्लागार इथं चुकतात. या स्थितीत थांबून मिळणारा फायदा महिन्याला ५७० रुपयांचा, आणि तो वसूल व्हायला तुम्हाला ऐंशीच्या घरात जावं लागेल. तब्येत ठणठणीत असली तरी मोल्डिंगची धूळ सत्तावीस वर्षं छातीत गेलेल्या माणसाला मी तो हिशोब करायला सांगणार नाही.

यात एक खुबी आहे, ती चुकवू नका. कॉन्ट्रॅक्टरकडे रुजू होताना फॉर्म ११ भरून घेतात. त्यात पेन्शनच्या आदेशाचा, म्हणजे पीपीओचा नंबर लिहायची जागा असते. तो नंबर लिहा. लिहिला नाही तर त्याचा क्लार्क सवयीनं तुमच्या नावावर परत पेन्शनचा हप्ता भरत राहील आणि पुढं दुरुस्त्यांचे अर्ज करत तुम्ही हेलपाटे घालाल. पीपीओ हातात यायच्या आधी रुजू व्हायची घाईच करू नका, मध्ये महिना-दीड महिना गेला तरी चालेल. तेवढ्यात रोपांना पाणी द्या.

खरं तर माझ्या मनात पहिला प्रश्न वेगळाच आला होता. राजीनामा तुम्ही देताय की ते घेताहेत? ५८ पर्यंत कामावर ठेवणं कंपनीला बंधनकारक आहे का, हे तुमच्या कारखान्याच्या स्थायी आदेशात लिहिलेलं असतं. युनियन असेल तर युनियनला, नसेल तर कामगारांचे खटले चालवणाऱ्या वकिलाला तो कागद दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि सही केलीतच, तर ग्रॅच्युइटी आधी हातात घ्या. २१ हजारांवर, वर्षाला १५ दिवस, महिना २६ दिवसांचा धरून २७ वर्षांचे सव्वातीन लाखांवर होतात. 'तिकडं चालू राहील की' असं म्हणून ती लांबणीवर टाकायला राजी होऊ नका. कॉन्ट्रॅक्टर हा वेगळा मालक, त्याच्याकडची नोकरी पहिल्या दिवसापासून नवी.

गृहलक्ष्मीचं उत्तर थोडक्यात: बाई किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल, किंवा जीएसटीचं रिटर्न भरत असेल, तर ते दोन हजार बंद होतात. तुमचा १६ हजार पगार आणि तीन-साडेतीन हजार पेन्शन मिळून वर्षाला अडीच लाखांच्या आत-बाहेर येतंय, त्याला आयकर लागत नाही. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन असणाऱ्याला मिळत नाहीत. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. चंदगडच्या नणंदेला लाडकी बहीण, येळ्ळूरच्या भावजयीला गृहलक्ष्मी, आणि दिवाळीत दोघी एकत्र बसल्या की कुणाचं सरकार चांगलं यावर वाद, हे आता आपल्याकडं घरोघरी चालू आहे. त्या वादात तुमच्या पीएफच्या पेन्शनला ओढू नका, ती दिल्लीची योजना आहे.

तेच कोल्हापूरच्या दोन वर्षांचं. पीएफला सीमा नाही. गोकुळ शिरगाव महाराष्ट्रात आणि उद्यमबाग कर्नाटकात, याचा पेन्शनशी काही संबंध नाही. प्रश्न फक्त एवढाच की १९९८ मध्ये तिथून निघताना तुम्ही काय उचललंत. पीएफबरोबर फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसेही काढले असतील, तर ती वर्षं संपली. नुसताच पीएफ काढला असेल किंवा काहीच काढलं नसेल, तर ती अजून जोडून घेता येण्याची शक्यता आहे. तो जुना पीएफ नंबर शोधा. जुन्या पगारपट्टीवर असतो, लग्नाच्या आल्बमच्या पेटीत असल्या पट्ट्या सापडतात. मग कोल्हापूरच्या पीएफ ऑफिसात चौकशी करा. दोन वर्षांचे महिन्याला १८६ रुपये वाढतील. फार नाहीत, पण जन्मभराचे आहेत. हे काम १०डी भरण्याआधी व्हायला हवं, नंतर आदेश बदलून घेणं फार किचकट.

आणि अर्जाला हात घालण्याआधी पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडा. प्रत्येक महिन्यापुढं तीन रकाने असतात: तुमचा हिस्सा, मालकाचा हिस्सा, पेन्शन. सप्टेंबर २०१४ पासून पेन्शनच्या रकान्यात दर महिन्याला १,२५० दिसायला हवेत, त्याआधी, जून २००१ पासून, पूर्ण मर्यादेवर भरत असतील तर ५४१. शेवटच्या साठ महिन्यांत मध्येच कुठं आकडा घसरलेला असेल, तर त्या महिन्यांत कंपनीनं कमी पगार दाखवलाय. तसं असेल तर वरचा माझा सगळा हिशोब तेवढ्यानं खाली येईल. पुढं कॉन्ट्रॅक्टरकडं गेल्यावरही हाच रकाना बघा. पेन्शन न घेता गेलात आणि पहिल्याच महिन्यात तिथं ७५० दिसले, तर त्यानं नऊ हजारांवर भरलंय हे समजायचं. मग तीन वर्षं वाट न बघता त्याच महिन्यात विचारा.

पीएफच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, हेही बघून ठेवा. आपल्याकडं आधार काढताना कन्नडातून इंग्रजीत नाव जाताना आडनाव मागचं पुढं झालेलं असतं, कुठं वडलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर उरलेलं असतं, आणि १९९८ च्या नोंदीत मराठी शाळेच्या दाखल्याप्रमाणे पूर्ण नाव. जन्मतारखेचंही तेच. यातला फरक दुरुस्त करायला कंपनीची मंजुरी लागू शकते, आणि राजीनामा दिल्यावर कंपनीचा क्लार्क किती तत्परतेनं मंजुरी देतो हे तुम्हाला मी सांगायला नको. हजेरीपटावर नाव आहे तोवरच हे करून घ्या. नोकरी सुटल्याची तारीखही कंपनीनं पोर्टलवर टाकायची असते. ती पडली की नाही, हे बघूनच १०डी भरा.

पेन्शन कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येते, १ जानेवारी २०२५ पासून तशी सोय झाली आहे. हयातीचा दाखला मोबाइलवरून किंवा बँकेतून वर्षात कधीही देता येतो, दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो.

कॉन्ट्रॅक्टरचं लेखी उत्तर आलं आणि पासबुकातले साठ महिने बघून झाले की परत लिहा. पत्राबरोबर त्या दोन्हीची झेरॉक्स जोडा, यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, मात्र खोडून.